हिमालयाच्या कडेने जाणाऱ्या गरुडांची शरदातील गणना

स्थलांतर करणारे पक्षी हिवाळ्यापूर्वी उत्तरेकडून दक्षिणेकडे जातात, अशी आपली समजूत असते. त्यामुळे ऑक्टोबरच्या अखेरीस हिमालयाच्या दक्षिण उतारावर उभे राहिल्यावर गरुडांची रांग पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकताना दिसली, की नवखा माणूस प्रथम बुचकळ्यात पडतो. मंगोलिया आणि मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशांत वीण करणारे स्टेप गरुड पर्वतरांगेच्या दक्षिण बाजूस पोहोचले, की तिच्याच कडेकडेने पश्चिमेला जातात आणि वसंत ऋतूत उलट दिशेने परततात. हिमाचल प्रदेशात धरमशाळेजवळ २००१ च्या शरदात या वाटेची पद्धतशीर नोंद झाली. नेपाळमध्ये पोखऱ्याच्या वायव्येला असलेल्या ठूलाखर्क येथील गणनाही अभ्यासकांच्या चांगल्या परिचयाची आहे. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा ते नोव्हेंबरचा मध्य हा ऐन हंगाम असतो. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांना दिवाळीची सुट्टी म्हणूनच सोयीची पडते. ठूलाखर्क अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्रात येत असल्यामुळे तेथील प्रवेशपरवाना आधीच काढून ठेवावा.

जागा निवडताना उंच शिखराचा मोह टाळावा. पूर्वेकडचे आकाश दूरवर मोकळे दिसेल, डोंगरधार पायाखाली असेल आणि पक्षी डोळ्यांच्या पातळीवरून किंवा थोडे खालून जातील अशी सोंड उत्तम, कारण पाठीवरचा रंग आणि पंखांची ठेवण तिथूनच नीट दिसते. गरुडासारखे जड पक्षी तापलेल्या उतारावरून वर चढणाऱ्या हवेवर तरंगत जातात. त्यामुळे पहाटे उठून धावपळ करण्यात अर्थ नसतो. उतार तापू लागल्यावर, म्हणजे साधारण नऊच्या सुमारास बसावे आणि चार-पाच वाजेपर्यंत जागा सोडू नये. दुपारी पक्षी फार उंच जातात आणि निळ्या आकाशात ठिपक्याएवढेही दिसत नाहीत, तेव्हा ढगांच्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर नजर ठेवावी. ८ किंवा १० पट मोठे दाखवणारी दुर्बीण पुरते. तिपाईवरची मोठी दुर्बीण ओळख पटवण्यासाठी ठेवावी, शोधण्यासाठी नव्हे. दुर्बीण सूर्याच्या दिशेला चुकूनही फिरवू नये.

गणनेचा गाभा म्हणजे एक काल्पनिक रेषा. समोरचे एखादे झाड किंवा शिखराचा कोपरा ठरवून उत्तर-दक्षिण रेषा आखावी आणि ती पश्चिमेकडे ओलांडणारा पक्षीच मोजावा. रेषेच्या अलीकडे घिरट्या घालणारा थवा कितीही मोठा असला तरी तो अजून गेलेला नसतो. फिरणाऱ्या थव्यात एकच पक्षी दोनदा मोजला जातो आणि खालचे वरच्यांच्या आड लपतात. म्हणून थवा पुरेशी उंची गाठून एकामागून एक सरळ निघू लागेपर्यंत थांबावे आणि त्या ओळीत मोजावे. पूर्वेकडे परत येणारे पक्षी वेगळ्या रकान्यात लिहावेत. हा रकाना मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण हिमालयीन गिधाडे तिथलीच रहिवासी असून दिवसभर दोन्ही दिशांनी ये-जा करतात. परतणाऱ्यांची नोंद नसेल तर संध्याकाळपर्यंत दहा गिधाडांची शंभर होतात.

दुरून ओळखताना रंगापेक्षा आकारावर विसंबावे. घारीची शेपटी दुभंगलेली असते आणि ती सतत पिळत, वळवत उडते. पांढऱ्या गिधाडाची शेपटी पाचरीसारखी, तर दाढीवाल्या गिधाडाची लांब आणि शंकरपाळ्याच्या आकाराची असते. हिमालयीन गिधाड तरंगताना पंख किंचित वर उचलून धरते. स्टेप गरुड सरळ पुढे घसरत जाताना पंखांची टोके खाली झुकलेली दिसतात.

स्टेप गरुडाच्या पंखाखालची बाजू मात्र आवर्जून पाहावी. त्या वर्षी जन्मलेल्या पिलाच्या पंखाखाली मधोमध रुंद पांढरा पट्टा असतो आणि पंखांची मागची कडही पांढरी असते. प्रौढात हा पट्टा नसतो, कड गडद असते आणि पिसांवर आडव्या रेघा असतात. मधल्या वयाच्या पक्ष्यांत पट्टा तुटक, मळलेला दिसतो. वयाचा रकाना भरणे कंटाळवाणे असले तरी वगळू नये. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात हॉक माउंटन येथे १९३४ पासून चालत आलेल्या नोंदींत तेथील पांढऱ्या डोक्याच्या गरुडांच्या पिलांचे प्रमाण घटलेले दिसले आणि डीडीटी या कीटकनाशकाचा वीणीवर होणारा परिणाम समजायला त्याची मदत झाली. स्टेप गरुड २०१५ पासून संकटग्रस्त यादीत आहे. राजस्थानात मेलेल्या स्टेप गरुडांच्या शरीरात गिधाडांचा काळ ठरलेले डायक्लोफिनॅक हे गुरांना दिले जाणारे वेदनाशामकही सापडले आहे. त्यामुळे नुसत्या एकूण आकड्यापेक्षा पिले किती आणि प्रौढ किती, हे अभ्यासकाला अधिक हवे असते.

निदान तिघे असावेत: दोघे पाहणारे आणि एक लिहिणारा. तासागणिक कामे बदलावीत, कारण रिकाम्या आकाशाकडे पाहून डोळे फार लवकर थकतात. लिहिणाऱ्याने आकडा मोठ्याने परत म्हणावा. हातातले मोजयंत्र एकाच जातीसाठी, बहुधा स्टेप गरुडासाठी राखावे. दर तासाच्या ओळीत वाऱ्याची दिशा, ढग आणि किती दूरचे दिसते ते लिहावे. एकही पक्षी गेला नसेल त्या तासापुढे शून्य लिहावे. रकाना कोरा ठेवल्यास कोणी पाहतच नव्हते की पक्षीच नव्हते, हे पुढे कळत नाही. ओळख न पटलेला पक्षी ‘अनोळखी गरुड’ किंवा ‘अनोळखी शिकारी पक्षी’ म्हणून नोंदवावा. एखाद्या गटाच्या तक्त्यात असा एकही पक्षी नसेल, तर मला त्या तक्त्याविषयी शंकाच येते.

आपल्याकडच्या माळरानांवर हिवाळ्यात उतरणाऱ्या भोवत्यांना (हॅरियर या शिकारी पक्ष्यांना) ही पद्धत लागू पडत नाही. ते संध्याकाळी गवतात एकत्र मुक्कामाला येतात, तेव्हा त्यांना मुक्कामाच्या जागी, लांबून आणि गवतात न शिरता मोजतात. अमूर ससाणे महाराष्ट्रावरून अरबी समुद्राकडे जातात, पण विस्तीर्ण पट्ट्यात पांगून. त्यांच्यासाठी एका जागी बसून राहण्यापेक्षा दिसतील तिथे नोंद करणेच पदरात काही पाडते.

तक्ता त्याच संध्याकाळी, तिघांनी एकत्र बसून तपासावा. ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद भरताना ती एका जागी थांबून केल्याचे निवडावे, सुरुवातीची आणि शेवटची वेळ द्यावी आणि जेवणासाठी गणना थांबवली असेल तर तेवढा वेळ वगळावा. कागदी तक्ताही जपून ठेवावा, कारण परतीचा रकाना आणि तासागणिक आकडे त्यातच असतात.