कार्टिलेजसाठी (सांध्यातल्या कूर्चेसाठी) हायड्रोजेल (पाणी धरून ठेवणारं पॉलिमरचं जेल) बनवताय? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जेलच्या स्टिफनेसच्या (कडकपणाच्या) मागे धावणं. गुडघ्यातलं कार्टिलेज कॉम्प्रेशनमध्ये साधारण 0.5 ते 1 मेगापास्कल, आणि आपलं 10 टक्के जेलमा (लाइटने सेट होणारं जिलेटिन) दहा-वीस किलोपास्कलवरच अडकतं, मग लोक काय करतात, पॉलिमर वाढवतात, लाइट जास्त वेळ मारतात, आकडा छान येतो पण जाळी इतकी घट्ट होते की कॉन्ड्रोसाइट्सनी (जेलमध्ये घातलेल्या कार्टिलेजच्या सेल्सनी) बनवलेलं कोलॅजन आणि ॲग्रीकन (कार्टिलेजमधली मुख्य प्रोटीन्स) त्यांच्याभोवतीच अडकून पडतं, मधली जागा भरतच नाही. शेवटी ताकद सेल्सनी बनवलेल्या मॅट्रिक्समधून (त्यांच्याभोवतीच्या या जाळ्यातून) यायला हवी, त्यामुळे जेल मॅट्रिक्स बनण्याच्या वेगाने विरघळत जातंय का हे आधी बघा. फार भरभर विरघळलं तरी पंचाईत, मॅट्रिक्स साठायच्या आतच आधार जातो.

स्टिफनेस मोजताना पण घाई नको. मोल्डमधून काढलं की लगेच मशीनला लावायचं नाही, पीबीएसमध्ये (फॉस्फेट असलेलं मिठाचं द्रावण) 37 डिग्रीला रात्रभर फुगू द्या, आकडा खाली येईल, पण खरा तोच. अल्जिनेट (समुद्री शेवाळातलं, कॅल्शियमने सेट होणारं पॉलिमर) असेल तर पीबीएस नकोच, त्यातलं फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेतं आणि जेल ढिलं पडतं, कॅल्शियम घातलेलं सलाइन वापरा.

जेल सेटच होत नाही? आधी लॅम्प बघा. जेल सेट करायला घातलेल्या फोटोइनिशिएटरला (लाइट पडला की रिॲक्शन सुरू करणारं केमिकल) जुळणारा लाइट हवा: एलएपी 405 नॅनोमीटरला चालतं, इर्गाक्युअर 2959 ला 365 च्या आसपासचा यूव्ही लागतो. वरचा थर चिकट राहत असेल तर हवेतला ऑक्सिजन नडतोय, वर काचेची कव्हरस्लिप ठेवा.

सेल्स प्लेटवर जास्त पॅसेज करू (म्हणजे वाढवून पुन्हा पुन्हा नव्या प्लेटवर टाकू) नका हो, चपटे होतात आणि टाइप 2 ऐवजी टाइप 1 कोलॅजन बनवायला लागतात. लाइव्ह-डेडला (जिवंत सेल्स हिरवे, मेलेले लाल दाखवणारं स्टेनिंग) जेल मधोमध कापून बघा, वरून सगळं हिरवं दिसतं आणि आतले सेल्स मेलेले असतात.

आणि जीएजी (कार्टिलेजमधल्या निगेटिव्ह चार्जच्या साखरसाखळ्या) मोजताना सेल्स नसलेलं कोरं जेल सोबत ठेवाच!! अल्जिनेटवर पण निगेटिव्ह चार्ज असतो, नेहमीच्या पीएच 3 च्या डीएमएमबीत (जीएजी मोजायचा निळा डाय) तेसुद्धा रंग देतं आणि आपल्याला वाटतं वा, कार्टिलेज झालं. त्यासाठी डाय पीएच 1.5 ला करून घ्या. सॅफ्रॅनिन-ओ (जीएजीला लाल रंगवणारा डाय) स्टेनिंगलाही तेच, कोऱ्या जेलचा सेक्शन शेजारी हवाच.

जनावरांवरच्या ट्रायलचा विचार करायच्या आधी मटणाच्या दुकानातून बोकडाचा ताजा गुडघा आणा, बायॉप्सी पंचने (गोल कापणारं छोटं हत्यार) कार्टिलेजमध्ये खड्डा पाडा, जेल भरा आणि सांधा हाताने वाकवून-सरळ करून बघा. बरीच जेल्स इथेच निसटून बाहेर येतात.