थंड इंजिन, सकाळचा पहिला सेल्फ आणि हवेचा हिशोब: या चुका टाळा

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू केली की आरपीएमचा काटा एकदम १२००-१५०० वर जातो आणि बऱ्याच जणांना वाटतं आयडलिंग (पॅडल न दाबता इंजिन फिरतं तो वेग) वाढलंय, कमी करून घेऊ. पहिली चूक हीच. बिघाड नाहीये तो, इंजिन मुद्दाम जास्त हवा घेतंय. ऑइल थंडीने घट्ट झालेलं असतं, नुसतं फिरत राहायलाच जास्त ताकद लागते, म्हणून ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, जरा जास्त उघडा ठेवतो (जुन्या इंजेक्शन गाड्यांत हेच काम आयडल एअर कंट्रोल व्हॉल्व्ह करतो, बाजूच्या वाटेने हवा सोडून). वर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची (सायलेन्सरच्या वाटेत धूर स्वच्छ करणारा भाग) भानगड असते, तो साधारण २५०-३०० डिग्रीपर्यंत तापल्याशिवाय नीट कामच करत नाही, मग तो लवकर तापावा म्हणून बऱ्याच गाड्यांत स्पार्क उशिरा दिला जातो, त्यात ताकद कमी होते आणि ती भरून काढायला अजून हवा. काटा दोन-तीन मिनिटांत हळूहळू ७००-८५० च्या आसपास उतरत असेल तर कशालाही हात लावू नका. वरच अडकला किंवा वर-खाली नाचत राहिला, तरच शोधाशोध करायची.

सेल्फ मारताना अ‍ॅक्सिलरेटर पंप करणं सोडा. कार्बोरेटरच्या गाडीत पॅडल दाबलं की पेट्रोलची पिचकारी उडायची आणि चोकची झडप हवा अडवायची, त्यामुळे तेव्हा ते बरोबर होतं. इंजेक्शनच्या गाडीत पॅडल दाबून फक्त थ्रॉटल उघडतो आणि ईसीयूने थंडीसाठी लावलेला हिशोब बिघडतो. पॅडल पूर्ण तळाला दाबलं तर बऱ्याच गाड्या इंजेक्टरच बंद करतात, मग कितीही सेल्फ मारा, चालू कशी होणार! ही सोय खरं तर फ्लड झालेलं, म्हणजे जास्त पेट्रोलने भिजलेलं, इंजिन सुकवायला दिलेली असते, म्हणजे पेट्रोलचा भपकारा येत असेल तर वापरा, एका वेळी फार तर १० सेकंद सेल्फ, मग थोडं थांबून परत.

आता सगळ्यात महाग पडणारी चूक. सकाळी स्टार्टिंग ट्रबल आला की लोक बॅटरी बदलतात, प्लग बदलतात, इंजेक्टर साफ करून आणतात, पण इंजिनला स्वतःला किती थंडी वाजतेय ते कोणी बघतच नाही. थंडीत पेट्रोलची नीट वाफ होत नाही, बरंचसं इनटेकच्या (हवा आत जाते ती वाट) भिंतींना चिकटून राहतं, म्हणून जास्त पेट्रोल सोडावं लागतं, आणि किती जास्त ते मुख्यतः कूलंट टेम्परेचर सेन्सर (इंजिनातल्या कूलंटचं तापमान मोजणारा) सांगतो. सेन्सर थंड असताना त्याचा रेझिस्टन्स जास्त असतो, गरम झाल्यावर कमी. कनेक्टरला गंज चढला की रेझिस्टन्स वाढतो, ईसीयूला वाटतं कडाक्याची थंडी आहे, मग काळा धूर आणि काळे प्लग. उलट सेन्सर खोटं गरम दाखवत असेल तर पेट्रोल कमी पडतं, सकाळी दहा वेळा सेल्फ मारावा लागतो आणि दुपारी गाडी एका झटक्यात चालू.

तपासायला साधा ओबीडी स्कॅनर (गाडीला जोडून ईसीयूचे आकडे दाखवणारं यंत्र) पुरतो. गाडी रात्रभर उभी राहू द्या, सकाळी चावी ऑन करा पण इंजिन चालू करू नका, आणि कूलंट टेम्परेचर आणि इनटेक एअर टेम्परेचर शेजारी-शेजारी बघा. दोन्ही आकडे बाहेरच्या हवेइतकेच हवेत, चार-पाच डिग्री इकडे-तिकडे चालतात. एक १८ आणि दुसरा ४६ दाखवत असेल तर चोर सापडला, आधी कनेक्टर साफ करा, मगच सेन्सर बदला. अर्धवट गरम गाडीवर ही टेस्ट करून काही कळत नाही.

आकडे बरोबर आहेत तरी थंड असताना गाडी थरथरते, मिसिंग करते आणि गरम झाल्यावर शहाण्यासारखी चालते? मग हवा चोरवाटेने आत येतेय का बघा. एअर फ्लो सेन्सर आणि थ्रॉटलच्या मधल्या रबरी पाइपला चीर असेल तर तिथून घुसलेली हवा मोजलीच जात नाही. थंडीत रबर आखडतं आणि चीर उघडते, तापल्यावर मिटते, त्यात ऑक्सिजन सेन्सर ३०० डिग्रीच्या आसपास तापेपर्यंत ईसीयूला चूक दुरुस्तही करता येत नाही, म्हणजे नेमकी पहिली मिनिटंच वाईट जातात. आणि मेकॅनिककडे पोचेपर्यंत गाडी गरम, प्रॉब्लेम गायब. म्हणून गाडी रात्री तिथेच सोडा आणि सकाळी थंडच तपासायला सांगा. पाइप नुसता बघून चालत नाही, प्रत्येक घडी हाताने ताणून बघावी लागते, चिरा घडीच्या तळात असतात. पीसीव्हीचा पाइप (इंजिनातल्या वाफा परत इनटेकमध्ये नेणारा) आणि ब्रेक बूस्टरचा पाइपही बघा. लीक शोधायला चालू इंजिनवर क्लीनर फवारणारे खूप आहेत, तो पेट घेऊ शकतो, स्मोक टेस्ट (पाइपात धूर सोडून गळती बघणं) करून घ्या.

थ्रॉटल बॉडीत झडपेच्या कडेला काळा थर बसला की थंडीत आयडलिंग पडतं, तो जरूर साफ करा, पण इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप बोटाने ढकलू नका, आतले गिअर खराब होऊ शकतात. साफ केल्यावर बऱ्याच गाड्यांत आयडल रीलर्न (ईसीयूला आयडलिंग नव्याने शिकवणं) करावं लागतं, ते न करता "साफ केल्यापासून जास्तच बिघडली" म्हणू नका. आणि थ्रॉटल साफ करायचा स्प्रे एअर फ्लो सेन्सरवर मारू नका, त्याचा क्लीनर वेगळा मिळतो.

गाडी तापवायला दहा-दहा मिनिटं उभी ठेवणंही नको. जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलमध्ये मिसळतं. अर्धा-एक मिनिट थांबा आणि हळू चालवत निघा, त्याने लवकर तापते. इतकं करूनही टेम्परेचरचा काटा मधे येतच नसेल तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारी झडप) उघडा अडकलेला असू शकतो, स्कॅनरवर पी०१२८ कोड दिसला तर आधी तिकडेच बघा.

डिझेलवाल्यांसाठी एकच, ग्लो प्लग (सिलिंडर आधी तापवणारा) किंवा इनटेक हीटर असलेल्या इंजिनात स्टार्टिंग स्प्रे अजिबात मारू नका. तो तापलेल्या हीटरवर इनटेकमध्येच भडकू शकतो. ग्लोचा दिवा विझेपर्यंत थांबा, मग सेल्फ मारा, आणि तरी चालू होत नसेल तर ग्लो प्लग एकेक तपासून घ्या.