मार्चमधला हॅरिमन : या चुका टाळा

न्यू जर्सीतल्या आमच्या चालण्याच्या ग्रुपचा वर्षातला पहिला ट्रेक मार्चअखेरीस असतो, आणि बहुतेक वेळा न्यूयॉर्कच्या हॅरिमन स्टेट पार्कमध्येच. रीव्ह्ज मेडोच्या पार्किंगमध्ये छान ऊन असतं, गाडी ५५ फॅरनहाइट दाखवते आणि कुणीतरी जॅकेट डिकीत टाकून मोकळं होतं. पहिली चूक तिथेच होते. ते ऊन पार्किंगपुरतं असतं. उत्तरेकडच्या उतारांवर, खडकांच्या सावलीत बर्फ अजून चिकटून असतो. दिवसा वितळतो, रात्री पुन्हा गोठतो आणि वर ओकची वाळकी पानं पसरलेली असतात.

आमच्यातले एक काका राजगड-तोरणा कितीदा तरी केलेले. 'कातळावर कधी घसरलो नाही,' असं म्हणत होते आणि पुढच्याच वळणावर पानांवरून थेट खाली बसले. सह्याद्रीने पायांना बरंच शिकवलं असतं, पण पानांखालचा बर्फ काही तिथल्या अभ्यासक्रमात नसतो. बुटांवर चढवायचे मायक्रोस्पाइक्स (बर्फावर पकड देणारे साखळीचे काटे) मार्चभर सॅकमध्ये ठेवाच.

जीन्स नको. एकदा भिजली की वाळत नाही आणि माथ्यावरच्या वाऱ्यात अंगातली ऊब खेचून घेते. या दिवसांत ओढे फुगलेले असतात, पाय भिजणारच. म्हणून मोज्यांचा एक जादा जोड घ्या, तोही लोकरीचा. चिखल दिसला की कडेच्या गवतातून जाऊ नका, सरळ मधून जा. नाहीतर एका पायवाटेच्या चार होतात.

वाट चुकली तर? इथे विचारायला वाडी नाही की गुराखी नाही, आणि फोनची रेंजही बऱ्याच ठिकाणी जाते. झाडांवरच्या रंगाच्या खुणा हाच वाटाड्या. पाइन मेडो ट्रेलची खूण म्हणजे पांढऱ्यावर लाल चौकोन. एकावर एक दोन खुणा दिसल्या की वाट वळतेय असं समजा. पाच मिनिटं खूण दिसली नाही तर 'पुढे असेल' म्हणत रेटू नका, शेवटची खूण पाहिली तिथवर मागे या. निष्पर्ण जंगलात दोन झाडांमधली कुठलीही फट वाटच वाटते.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते टिकांकडे, म्हणजे रक्त पिणाऱ्या गोचिडांकडे. थंडी आहे, किडे कुठले, असं वाटतं. पण तापमान गोठणबिंदूच्या वर गेलं की डिअर टिक हालचाल करू लागते. आत्ताची मोठी टिक तिळाएवढी असते. मेपासून येणारी पिल्लं खसखशीएवढी, ती तर दिसतच नाहीत. लाइम हा जिवाणूंचा आजार इथे हिच्या चाव्यातूनच होतो. पँट मोज्यात खोचा, मग भले हसू देत लोक. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरेला, केसांत नीट बघा. चिकटलेली सापडली तर तेल लावणं, काडी पेटवून चटका देणं असले उद्योग नकोत. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरा आणि सरळ वर ओढा. लवकर निघाली, २४ तासांच्या आत, तर धोका बराच कमी होतो. पुढच्या महिनाभरात चट्टा उठला किंवा ताप आला तर डॉक्टरांना टिकबद्दल आवर्जून सांगा.

आणि ट्रेकचे कपडे आल्याआल्या मशीनमध्ये टाकू नका. गार-कोमट पाण्यात टिक मरत नाही. ओले नसतील तर आधी ड्रायरमध्ये, पूर्ण गरमवर, १० मिनिटं.