ड्रायरच्या सॉकेटवरून बियरची केटल: २४० व्होल्ट, ३० अँपची कॉर्ड कशी करावी

पाच गॅलनची बियर करायची तर केटलमध्ये सुरुवातीला साडेसात गॅलन, म्हणजे २८ लिटर पाणी घ्यावं लागतं. अमेरिकेतल्या साध्या १२० व्होल्टच्या सॉकेटवर दीड किलोवॉटचं एलिमेंट (पाणी तापवणारी कॉइल) चालतं. त्यावर २० अंशांचं हे पाणी उकळायला निदान पावणेदोन तास जातात, आणि उकळी येते तीही मरतुकडी. २४० व्होल्टचं ५५०० वॉटचं एलिमेंट तेच काम अर्ध्या तासात उरकतं. अडचण एवढीच, की घरात २४० व्होल्ट असतात ते कपड्यांच्या ड्रायरपाशी आणि केटल असते गराजमध्ये. मधल्या २५ फुटांसाठी कॉर्ड हवी.

५५०० भागिले २४० म्हणजे २३ अँप. ड्रायरचा ब्रेकर ३० अँपचा असतो, आणि तासन्‌तास चालणारा भार ब्रेकरच्या ८० टक्क्यांत, म्हणजे २४ अँपमध्ये बसवायचा असतो. त्यामुळे एका वेळी असं एकच एलिमेंट. दोन केटल असल्या तर कंट्रोलरवर, म्हणजे तापमान सांभाळणाऱ्या डब्यावर, सिलेक्टर स्विच ठेवा, एकीनंतर दुसरी तापवा.

खरेदीच्या आधी सॉकेट नीट बघा. चार भोकं हवीत: दोन उभ्या फटी, एक इंग्रजी ‘एल’च्या आकाराची फट आणि अर्थिंगचं गोलसर भोक. हे नेमा (अमेरिकेतलं प्लग-सॉकेटचं मानक) १४-३०. तीनच फटी असतील तर ते जुनं १०-३०. त्यात दोन हॉट (म्हणजे फेज) आणि एक न्यूट्रल असतं, अर्थिंग नसतंच. १९९६ च्या इलेक्ट्रिकल कोडपासून नव्या वायरिंगला ते चालत नाही. ओल्या फरशीवर स्टीलची केटल ठेवून काम करणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. इलेक्ट्रिशियनकडून चार वायरींचं सॉकेट करून घ्या. शेगडीचं १४-५० सॉकेटही या कॉर्डला नको. त्याचा ब्रेकर ५० अँपचा. वायर जळायला लागली तरी तो पडणार नाही, आणि अ‍ॅडॅप्टर लावल्याने त्यात काहीच बदलत नाही.

आता रंग. महाराष्ट्रात वायरिंग बघितलेल्याचा हात इथेच चुकतो. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत लाल फेज आणि काळी न्यूट्रल. अमेरिकेत काळी हॉट आहे! काळी आणि लाल दोन्ही हॉट, पांढरी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. पुण्यात फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट मिळतात. इथे प्रत्येक हॉट आणि न्यूट्रलमध्ये १२०, तर दोन हॉटमध्ये मिळून २४०. एलिमेंट दोन हॉटवर चालतं, त्याला न्यूट्रल लागत नाही. पण केटलमधला द्रव फिरवणारा पंप आणि कंट्रोलर बहुधा १२० व्होल्टचे असतात, त्यांना लागते. म्हणून कॉर्ड चार वायरींचीच. तीन वायरींत भागवून अर्थिंगलाच न्यूट्रल करणारे महाभाग असतात. त्यांची ती एक वायर कुठे सुटली, की केटलच्या अंगात करंट येतो.

केबल ‘१०/४ एसओओडब्ल्यू’ घ्या, म्हणजे बारीक तारा पिळून केलेल्या १० गेजच्या चार वायरी आणि वर जाड रबरी आवरण. १२ गेज (आकडा मोठा, वायर बारीक) स्वस्त असली तरी ३० अँपच्या ब्रेकरवर चालत नाही. भिंतीकडच्या टोकाला १४-३० प्लग, केटलकडच्या टोकाला एल१४-३० हा फिरवून अडकणारा मादी कनेक्टर. साधा कनेक्टर कोणाचा पाय अडकला की निम्मा बाहेर येतो आणि निम्म्या स्पर्शावर तापत बसतो. दोन्ही वस्तूंवर किती जाडीची केबल बसते ते लिहिलेलं असतं. ही केबल जवळपास पाऊण इंच जाड असते, तेव्हा वाचूनच घ्या. ड्रायरबरोबर मिळणारी चपटी कॉर्ड कापून वापरायचा मोह टाळा. गोल क्लॅम्पमध्ये ती पकडली जात नाही. जनरेटरची ३० अँपची, १० गेजची चार वायरींची तयार कॉर्ड मात्र चालते. तिचं मादी टोक एल१४-३० च असतं, नर टोक कापून १४-३० प्लग बसवला की झालं.

सोलण्याआधी प्लगचं झाकण केबलवर ओवून ठेवा, नाहीतर सगळं बसवल्यावर पुन्हा उसवावं लागेल. बाहेरचं आवरण सुमारे दोन इंच कापा, आतला कागद आणि दोरे काढून टाका. मग प्रत्येक वायर वाकवून बघा. ब्लेड आतल्या रबरावर फिरलं असेल तर चीर उघडते. तसं झालं तर तेवढा तुकडा छाटून नव्याने सुरुवात. तांबं किती उघडं ठेवायचं त्याचं माप प्लगच्या अंगावर असतं. हिरवी वायर बाकीच्यांपेक्षा अर्धा इंच लांब ठेवा, म्हणजे केबल ओढली गेलीच तर अर्थिंग सर्वांत शेवटी सुटेल.

काळी आणि लाल पितळी स्क्रूंना, पांढरी चंदेरी स्क्रूला, हिरवी हिरव्याला. कनेक्टरवर हेच एक्स, वाय, डब्ल्यू, जी असं कोरलेलं असतं. तारांना पीळ द्या, पण सोल्डर करू नका. सोल्डर स्क्रूखाली हळूहळू दबतं, जोड ढिला पडतो, ढिला जोड तापतो. एकही तार बाहेर राहता कामा नये. स्क्रू पाकिटातल्या कागदावर दिलेल्या टॉर्कने आवळा, मग वायर ओढून बघा. क्लॅम्पने बाहेरचं काळं आवरण पकडायला हवं, आतल्या वायरी नव्हे. कॉर्ड जळते ती बहुतेक वेळा या दोन टोकांना; मधली केबल बिचारी क्वचितच काही करते. आणि दोन्ही टोकांना नर प्लग असलेली कॉर्ड कधीही करू नका. एक टोक लावलं की दुसऱ्याच्या पिना उघड्यावर जिवंत असतात.

वीज देण्याआधी मल्टिमीटर बीपवर ठेवा. एक्स, वाय, डब्ल्यू, जी यांतला प्रत्येक संपर्क दुसऱ्या टोकाच्या आपापल्या पिनेशीच बोलला पाहिजे, इतर कोणाशीही नाही. प्लगवरची ‘एल’ आकाराची पिन डब्ल्यूला लागली का, हे दोनदा तपासा. ती चुकली तर १२० व्होल्टच्या पंपावर २४० जातात. मग ब्रेकर चालू करून मोजा: एक्स-वाय २४०, एक्स-डब्ल्यू आणि वाय-डब्ल्यू १२०, डब्ल्यू-जी जवळपास शून्य.

जीएफसीआयशिवाय, म्हणजे करंट गळला की वीज तोडणाऱ्या साधनाशिवाय, केटल लावू नये. घरच्या पॅनेलमध्ये इलेक्ट्रिशियनकडून ३० अँपचा जीएफसीआय ब्रेकर बसवून घेणं उत्तम. अनेक जण हॉट टबसाठी मिळणारं ५० अँपचं स्पा पॅनेल (जीएफसीआय ब्रेकर असलेला डबा) भिंतीजवळ, लांब कॉर्डच्या आधी लावतात. ५ मिलिअँपच्या आसपास गळती झाली की ते तोडतं. जास्त भारापासून बचाव मात्र मूळचा ३० अँपचा ब्रेकरच करतो. या पॅनेलमध्ये केटलकडे जाणारी न्यूट्रल ब्रेकरच्याच स्क्रूला लावायची. न्यूट्रल पट्टीला जाते ती ब्रेकरची गुंडाळलेली पांढरी शेपटी. न्यूट्रल पट्टी आणि धातूचा डबा एकमेकांना जोडलेले नकोत. केटलकडची न्यूट्रल चुकून पट्टीला लागली तर ब्रेकर टिकतच नाही. नीट चालून दहा मिनिटांनी पडत असेल तर एलिमेंटच्या जोडडबीत पाणी शिरलंय का ते बघा.

पंप चालतो पण एलिमेंट गार, म्हणजे बहुधा एक हॉट सुटलेली. एक्स-वायमध्ये २४० मिळतात पण कंट्रोलर आणि पंप मेलेले, तर न्यूट्रल शोधा, आणि लगेच. दोन्ही हॉटवर १२० ची उपकरणं असतील तर न्यूट्रल तुटल्यावर त्यांतल्या एकावर भलता दाब येऊन ते जळतं.

पहिल्यांदा नुसतं पाणी अर्धा तास उकळवा. मग ब्रेकर बंद करून प्लग काढा आणि दोन्ही टोकं हाताने बघा. कोमट चालेल, चटका बसला तर उघडून पुन्हा आवळा. २३ अँपवर २५ फुटांच्या केबलमध्ये ३० वॉटच्या आसपास उष्णता तयार होते. पसरलेली असेल तर ती जाणवतही नाही, वेटोळं करून ठेवली तर आतली वेटोळी तापतच जातात. तेव्हा वापरताना कॉर्ड पूर्ण उलगडा, दारात चिरडू देऊ नका, आणि केटलकडचा कनेक्टर फरशीवर न ठेवता हुकाला टांगा. वर्ट (बियर होण्याआधीचा गोड रस) उतू गेलं की ते आधी फरशीवरच येतं.