फळी थरथरायची, त्याचं कारण सापडलं

सोनीचा व्हीएक्स१०००, १९९५ सालचा कॅमेरा, जुना घेतलेला. स्केटबोर्डिंगच्या व्हिडिओवाल्यांचा जीव अजून याच्यावर. फिशआय (खूप रुंद, गोलसर दाखवणारी) लेन्स लावून, हँडल धरून जमिनीलगत धरला की तीन पायऱ्यासुद्धा उंच कडा वाटतात. आणि याच्या माइकमधून चाकांचा तो खरखरीत आवाज! त्यासाठी मी फोन बाजूला ठेवला.

टेप फायरवायर केबलने लॅपटॉपवर उतरवली (तासाची टेप, तासच लागतो). पण किकफ्लिप (उडी मारून स्केटबोर्डची फळी हवेत फिरवणं) बघताना फिरणाऱ्या फळीला कंगव्यासारखे दात दिसत होते. सॉफ्टवेअरमध्ये 'डीइंटरलेस', म्हणजे हे दात काढायची प्रक्रिया, केलं. दात गेले, पण आता चित्र पुढे-मागे थरथरायला लागलं. मला वाटलं टेप वाचणारं हेड खराब झालं. क्लीनिंग टेप फिरवली, उगाच.

दोष हेडचा नव्हताच. हा अमेरिकी, एनटीएससी (तिकडच्या टीव्ही पद्धतीचा) कॅमेरा सेकंदाला ५९.९४ अर्धी चित्रं, म्हणजे फील्ड, टिपतो: एकदा सम ओळी, एकदा विषम. डीव्हीमध्ये (या टेपच्या डिजिटल प्रकारात) खालचं फील्ड आधी येतं. माझा एडिटिंगचा प्रोजेक्ट मात्र एचडीचा, त्यात वरचं आधी धरलेलं. म्हणजे प्रत्येक जोडीतला नंतरचा क्षण आधी दिसत होता.

क्लिपच्या सेटिंगमध्ये 'लोअर फील्ड फर्स्ट' केलं, 'बॉब' पद्धतीने (प्रत्येक फील्डची वेगळी पूर्ण फ्रेम) सेकंदाला ५९.९४ फ्रेम काढल्या, आणि फळी लोण्यासारखी फिरली. चौकट ४:३ च ठेवली. वर-खाली कापून रुंद करणाऱ्यांशी माझं जमत नाही.