तिथी बघून पळायचं, शिमग्यात पैसे मागायचे

लंडन मॅरेथॉन एप्रिलात असते, म्हणजे दिवाळीचा फराळ संपला की सराव सुरू. प्रवेशाच्या लॉटरीत नाव लागेना म्हणून मी धर्मादाय संस्थेच्या कोट्यातून गेले. संस्था जागा देते, आपण ठरलेली रक्कम जमवून द्यायचं कबूल करतो. रक्कम पौंडांत असते. रुपयांत मांडून बघितल्याशिवाय हो म्हणू नका.

संस्था अशी निवडा जिचं काम आपल्याकडेही चालतं. मी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांसाठी झटणारी निवडली, तरी शेजारच्या काकूंनी विचारलंच, "आपल्याकडे डॉक्टर नाय, नि तू पैसे लंडनला धाडतेस?" उत्तर तयार ठेवा. रोख मी घेतलीच नाही. परदेशात चालणारं कार्ड असलेले पुतणे-भाचे गाठायचे, तेही शिमग्याला, पालखीसाठी चाकरमानी घरी आलेले असतात तेव्हा. आपल्या आयकरात या पावतीवर सवलत मिळत नाही, हे आधीच सांगा. नंतर तोंड लपवावं लागत नाही.

सरावाला आमचा गुहागरचा किनारा आहे. पण भरतीच्या वेळी कोरड्या पुळणीत पाय रुततात; घट्ट, ओली वाळू हवी तर ओहोटी गाठावी लागते. त्याचा जुना हिशोब असा: तिथीची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला सहाला भरती, म्हणजे सकाळचा किनारा गेला. त्या दिवशी डांबरी रस्ता. अमावस्या-पौर्णिमेला भरती दुपारकडे, ओहोटी पहाटे. लांब पल्ला तेव्हा. किनारा समुद्राकडे उतरता असतो, एकाच दिशेने पळत राहिलात तर एक गुडघा बोंब मारतो. जेवढं जाल तेवढंच परत या.

पण शर्यत डांबरावर आहे, नि लंडनचे पहिले पाचेक किलोमीटर उताराचे. चिपळूण रस्त्याच्या उतारावर स्वतःला आवरून पळायची सवय करा. मी केली नव्हती. ४२.१९५ किलोमीटरांतले शेवटचे दहा मी जवळजवळ चालले.

खाणं नेहमीचंच. पळण्याआधी मऊभात-मीठ, वाटेत खजूर आणि कोकमाचं आगळ-मीठ घातलेलं पाणी. तिकडे पोहे न्या, तूप नको. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेऊ देत नाहीत. जांघेत आणि काखेत व्हॅसलीन भरपूर, इथल्या घामात त्याचं महत्त्व कळतंच.

धावण्याचा नंबर स्वतः जाऊन घ्यावा लागतो, शर्यतीच्या सकाळी मिळत नाही. दोन-तीन दिवस आधी पोचा.

सुरुवातीला थंडीत ताटकळावं लागतं. जुना स्वेटर घालून जायचं आणि निघताना तिथेच टाकायचा. ते कपडे गोळा करून दान करतात. मी भावाचा टाकला. तो अजून कपाटात शोधतोय.