राउटर आणण्याआधी आणि आणल्यावर: पुण्यातल्या घरासाठी तयारीची यादी

दुकानात जाण्याआधी घरातलं एक काम उरका: फायबरचा डबा (इंटरनेट कंपनीची लाइन घरात जिथे संपते ते यंत्र) कुठे बसलाय ते बघा. जोडणीला येणारा माणूस तो स्वतःच्या सोयीने दारामागे नाहीतर शोकेसच्या कोपऱ्यात ठोकून जातो, आणि मागच्या खोलीत रेंज नाही म्हणून शिव्या राउटरला बसतात. डबा घराच्या मध्यावर सरकवून मिळत असेल तर आधी तेच करून घ्या. कदाचित खरेदीच टळेल.

मग कंपनीला फोन करून तीन गोष्टी विचारा. डब्यातच वायफाय आहे का, असल्यास ते बंद करून डबा ब्रिज मोडवर (म्हणजे डबा लाइन नुसती पुढे देईल, बाकी काम तुमचा राउटर करेल) टाकून देतील का, आणि लाइन पीपीपीओई (राउटरमधून लॉगिन केल्यावरच सुरू होणारी) असेल तर युजरनेम-पासवर्ड काय. काही ठिकाणी लाइन जुन्या राउटरच्या मॅक अॅड्रेसला, म्हणजे त्या यंत्राच्या ओळख क्रमांकाला, बांधलेली असते, तेही विचारून ठेवा. रविवारी संध्याकाळी नवा राउटर जोडून बसलात आणि फोन कोणी उचलेना, असं व्हायला नको.

भिंतींचा अंदाज घ्या. वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ बँडचा वेग चांगला, पण पेठेतल्या जुन्या वाड्याच्या जाड भिंतीपुढे तो हात टेकतो, तिथे २.४ गिगाहर्ट्झचा बँड जास्त लांब पोचतो, वेग मात्र कमी. दोन मजली घर असेल तर मेश (एकाच नावाने मिळून चालणारे दोन-तीन राउटर) घ्या. रेंज वाढवणारा स्वस्त प्लग मला पटत नाही, कारण बरेचसे प्लग वेग जवळपास निम्मा खातात. दिवाळीआधी रंगकाम काढणार असाल, तर त्याच वेळी वरच्या मजल्यापर्यंत कॅट-६ नेटवर्क केबल ओढून घ्या. याला तोड नाही.

आता खरेदी. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत घ्या नाहीतर ऑनलाइन, खोकं मात्र उलटून वाचा. ‘एसी १२००’ म्हणजे २.४ च्या ३०० आणि ५ च्या ८६७ एमबीपीएसची गोळाबेरीज. एका फोनला तेवढा वेग कधीच मिळत नाही. महत्त्वाची ओळ बारीक अक्षरात असते: पोर्ट गिगाबिट (१००० एमबीपीएस) आहेत की १०० एमबीपीएसचे? प्लॅन २०० चा आणि पोर्ट १०० चे, तर निम्मे पैसे दरमहा पाण्यात. अँटेना चार की सहा, याला फार भाव देऊ नका. वायफाय ६ (वायफायची पिढी) आणि डब्ल्यूपीए३ (वायफायची सुरक्षा) असावं. पक्कं बिल घ्या, वॉरंटीला लागतं.

गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, तेव्हा मिनी यूपीएसही (राउटर चालू ठेवणारी छोटी बॅटरी) याच फेरीत. त्याआधी डबा आणि राउटर, दोन्हींच्या अडॅप्टरवर व्होल्ट-अँपिअर वाचून फोटो काढून ठेवा. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, काही ९ चे. सोसायटीच्या जिन्यात कंपनीचा स्विच असेल तर त्याला बॅकअप आहे का, हे सेक्रेटरींना विचारा. नसेल तर तुमचा यूपीएस नुसते दिवे लावून बसेल.

राउटर उंचावर, उघड्यावर ठेवा. लोखंडी कपाट, मोठा आरसा, माशांची टाकी आणि मायक्रोवेव्ह यांच्यापासून लांब. सेटिंगचा पत्ता खालच्या स्टिकरवर असतो. आधी अॅडमिनचा पासवर्ड बदला, फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा, डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिन टाकून जोडण्याची सोय) बंद करा. जुन्या वायफायचा पासवर्ड भक्कम असेल तर नाव आणि पासवर्ड तेच ठेवा, म्हणजे टीव्हीपासून आजींच्या फोनपर्यंत सगळं बहुतेक आपोआप जोडलं जातं. अर्ध्या बिल्डिंगला माहीत असलेला पासवर्ड असेल तर बदलाच. नावात फ्लॅट नंबर नको. कॅमेरे, स्मार्ट प्लग बहुधा २.४ वरच चालतात; ते जोडताना अडले तर त्या बँडला वेगळं नाव द्या. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क. दाट वस्तीत २.४ चा चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकीच ठेवा.

शेवटी लॅपटॉप केबलने जोडून स्पीड टेस्ट, मग तीच स्वयंपाकघरात वायफायवर. केबलवरच वेग कमी दिसला तर तक्रार कंपनीकडे. फक्त स्वयंपाकघरात कमी असेल तर राउटर हलवून बघा.